खाटेचा चौथा पाय

आमच्या कॉलनीचा एक गंज आहे, म्हणजे मोठं पातेलं. जर्मलचा, पोटाने रुंद, दोन बाजूंना दोन कड्या, आणि भरला की एकट्याच्याने उचलत नाही. दरवर्षी कार्तिकातल्या एका रविवारी कॉलनीतली सगळी बिऱ्हाडं आवळीच्या झाडाखाली जेवायला जातात, तेव्हा वांग्याची भाजी याच गंजात होते. उरलेलं वर्ष तो कोणाकडे ठेवायचा यावरून पूर्वी बायकांत कुरबुर व्हायची, कारण तो ना मांडणीत मावतो ना पलंगाखाली जातो. मग रिटायर झालेल्या पोस्टमास्तरभाऊंनी एक नियम काढला. जेवणं झाली की नवराबायकोच्या जोड्यांनी चित्र काढून ओळखायचा खेळ खेळायचा. एकाने चिठ्ठी उचलून फळ्यावर चित्र काढायचं, दुसऱ्याने तो शब्द सांगायचा. जी जोडी जिंकेल तिच्या घरी गंज वर्षभर, आणि पुढच्या वर्षीची आवळी, म्हणजे हे सगळं जेवण, तिच्याकडे. म्हणजे जो जिंकेल त्यानेच पुढे राबायचं. असलं बक्षीस सगळी हयात सरकारी नोकरीत काढलेल्या माणसालाच सुचू शकतं.

मी ज्या आवळीबद्दल सांगते आहे, तिच्या आदल्या वर्षी आम्ही जिंकलो होतो. म्हणून गंज आमच्या माळ्यावर होता आणि जेवणाची सगळी व्यवस्था आमच्या अंगावर होती. आणि त्याच वर्षी श्रावणात मी आणि माझ्या नवऱ्याने वेगळं व्हायचं ठरवलं होतं.

भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर निदान सांगायला काही असतं. तो कृषी खात्यात, त्याची बदली चंद्रपूरला झालेली; माझी शाळा चामोर्शीत. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. एका रविवारी आम्ही दोघं वालाच्या शेंगा मोडत बसलो होतो. तो म्हणाला, "दर शनिवारी येणं होऊन नाई राह्यलं आता."

मी म्हटलं, "तं नका येऊ."

त्याने हातातली शेंग मोडली, दोरा काढला, आणि विचारलं, "म्हणजे कायमचंच?"

"हो," मी म्हटलं. मग आम्ही उरलेल्या शेंगा मोडल्या. भाजीही चांगली झाली होती.

त्यानंतर जे काय बोललो ते सामानाचं आणि मुलीचं. मुलगी नागपूरला होस्टेलवर, बारावीला. तिची परीक्षा होईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, हे दोघांनाही न बोलता पटलं. आमच्या कॉलनीत सकाळी नळावर सांगितलेली गोष्ट संध्याकाळी नागपूरला पोचते. मुलीच्या वर्गातल्या दोघी तर आमच्याच गल्लीतल्या. मला माझ्या संसाराची फार फिकीर उरली नव्हती, पण तिचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नव्हतं. पुढच्या एक तारखेपासून नवरा शनिवारीही येणार नव्हता. विचारलं तर ऑफिसात काम वाढलंय असं सांगायचं ठरलं होतं.

मला काय वाटत होतं असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की गाल आपला वाटत नाही, चहा पिताना कप ओठाला लागलाय की नाही ते कळत नाही, तसं माझं श्रावणापासून चाललं होतं. शाळेत जात होते, पोरांना प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते, घरी येऊन कुकर लावत होते. रडू येत नव्हतं, झोप व्यवस्थित लागत होती. जरा लाजही वाटायची त्याची.

आवळीच्या दिवशी सकाळी आम्ही माळ्यावरून गंज उतरवला. एक कडी त्याने धरली, एक मी. जिना अरुंद आहे, त्यामुळे एकाला उलटं उतरावं लागतं. तो उलटा उतरत होता आणि मी सवयीने "पायरी, पायरी, संपली" असं सांगत होते. खाली गंजासाठी ऑटो उभा होता, आम्ही मोटरसायकलवर त्याच्या मागून जाणार होतो. गंज आत ठेवता ठेवता मला एकदम लक्षात आलं की आज आम्ही जिंकलो तर हा पुन्हा याच घरात येणार, आणि पुढच्या कार्तिकात तीस माणसं आमच्या दारात उभी राहणार.

"आज हरायचं," मी म्हटलं.

मला काय म्हणायचंय ते त्याला लगेच कळलं. "हो," तो म्हणाला. "दोन-तीन सोडून देऊ."

पोस्टमास्तरभाऊंच्या भावाचं शेत गावाबाहेर आहे, नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला. धानाची कापणी सुरू होती, बांधीबांधीत कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या. शेताच्या कडेला आवळीचं जुनं झाड. आमचं घर बौद्ध. पूजेशी आमचा संबंध नाही. पोस्टमास्तरभाऊंच्या बाई झाडाला सूत गुंडाळतात, दिवा लावतात, आणि मी तोवर वांगी चिरते. इतक्या वर्षांत यावरून आमच्यात कधी एक शब्द झाला नाही, कारण वांगी चिरायला एरवीही कोणी पुढे येत नाही. पुरुषांनी गोवऱ्या पेटवल्या, निखारे झाले तसे कणकेचे रोडगे त्यात पुरले. नवरा रोडग्यांवर होता. मी भाजीवर. मधूनमधून तो येऊन झाऱ्याने भाजीतला एक तुकडा उचलून चाखायचा आणि काही न बोलता मिठाच्या डब्याकडे बघायचा. मग मी मीठ घालायची. लोकांना यात काय दिसत होतं कोण जाणे. रोडगे फोडून तुपात बुडवताना बाई म्हणाल्या, "तुमा दोघाले बोलाचंच काम नाई पडत. आमचे हे तं सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाई."

मी हसले. हसायचं काम मला छान जमत होतं.

जेवणं झाल्यावर फळा. शाळेतला गुंडाळी फळा मीच आणला होता. तो आवळीला टांगायला गेले तर बाईंनी अडवलं, "तिथी नको, सूत गुंडाळलं हाये," म्हणून बाजूच्या कडुनिंबाला टांगला. पोस्टमास्तरभाऊ मोबाईलमध्ये एक मिनिट लावून बसले. हा माणूस एरवी कोणाच्या अध्यातमध्यात नसतो, पण एक मिनिट म्हणजे एक मिनिट. वर अर्धा श्वास घेऊ देत नाही. चिठ्ठ्या त्यांनीच लिहिलेल्या, बाईंच्या पानाच्या डब्यात घातलेल्या.

पहिल्या फेरीला नवरा फळ्यापाशी गेला. चिठ्ठी वाचली, खडू घेतला आणि एक वाकडी रेघ ओढली. रेघेच्या टोकाला एक गोळा काढला.

"पोळा," मी म्हटलं.

म्हटलं म्हणजे, तोंडातून निघालं. हरायचं आहे हे मला शब्द संपल्यावर आठवलं. लोक ओरडायला लागले, एका रेघेत पोळा कसा काय, निदान बैल तरी पुरा काढू द्यायचा. आता काय सांगणार? हा माणूस बैल काढायला शिंगापासून सुरुवात करतो, आणि शिंगाला गोंडा काढला म्हणजे पोळा, साधा बैल नव्हे. मुलगी लहान असताना तिच्या पाटीवर त्याने असे शंभर बैल काढले असतील. तो फळ्यावरून येऊन माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "ठरलं होतं नं?"

"तुमी शिंगच काढाचं नाई," मी म्हटलं. मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या फेरीला मी उठले. चिठ्ठीत होतं चष्मा. मी पक्का विचार केला. दोन मोठे गोल काढले, एकमेकांपासून चांगले लांब, आणि मध्ये एक आडवी दांडी. चष्म्याच्या काड्या काढल्याच नाहीत. कोणीही याला सायकल म्हटलं असतं. मागे बसलेली बाया-माणसं "सायकल, सायकल" असं पुटपुटायलाही लागली. नवऱ्याने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाला, "चष्मा."

लोकांनी डोक्यावर हात मारून घेतला. पोस्टमास्तरभाऊ म्हणाले, "अरे, हे तं जादूच हाये बाप्पा!"

परत येऊन बसले तेव्हा नवऱ्याचा चेहरा पडला होता. "मले वाटलं सायकल हाये," तो कुजबुजला. "म्हणून चष्मा म्हणलं."

दुसऱ्या कोणत्याही वर्षी आम्ही यावर हसून लोळलो असतो. तेव्हा दोघंही समोर फळ्याकडे बघत बसलो.

आमच्या बरोबरीने एकच जोडी चालली होती. वनरक्षक पोरगा आणि आरोग्य उपकेंद्रातली त्याची बायको, मे महिन्यात लग्न झालेले. तिला चित्र म्हणून काढता येत नव्हतं. तिचा मोरसुद्धा दुधीभोपळ्यासारखा दिसायचा. पण तिने खडू टेकवला की हा उभा राहून जगातल्या सगळ्या वस्तूंची नावं घ्यायला लागायचा, आणि मिनिट संपायच्या आत त्यातलं एखादं बरोबर निघायचं. मग ती उड्या मारायची. मला त्या दोघांकडे बघून हेवा वाटायला हवा होता, निदान वाईट तरी. मी त्यांचे बरोबर आलेले शब्द मोजत होते.

तिसऱ्या फेरीला नवऱ्याला चिठ्ठी आली ती बघून त्याने डोकं खाजवलं. मग एक बस काढली, आणि बसच्या दारात एक पिशवी. मला कळलं, पण ते मी ओठावर येऊ दिलं नाही. "बाजार," मी म्हटलं. तो आता थांबेल असं मला वाटत होतं. पण मिनिट चालू होतं, सगळे बघत होते, नुसतं उभं राहणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्याने पिशवीचा एक बंद काढला आणि त्या बंदाला मध्ये एक गाठ काढली.

"ते मी कधीच बदलवलं," मी म्हटलं. "नवा बंद लावून किती वर्षं झाली." आणि मग लोक माझ्याकडे बघायला लागले तेव्हा म्हटलं, "माहेर."

बरोबर होतं. टाळ्या पडल्या. माहेरी जायची माझी एक हिरवी पिशवी होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिचा बंद तुटला होता आणि मी त्याला गाठ मारून ती बरीच वापरली होती. त्याच्या डोक्यात मी अजून ती गाठ मारलेली पिशवी घेऊन बसमध्ये चढत होते. आम्ही एकमेकांना तोंडपाठ होतो, पण धडा जुना होता. पुस्तक बदललंय याकडे दोघांचंही लक्ष गेलं नव्हतं. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि कळूनही काही झालं नाही.

शेवटी बरोबरी झाली. पोस्टमास्तरभाऊंनी जाहीर केलं की आता एकेक चिठ्ठी, आणि जो कमी वेळात ओळखेल त्याचा गंज. नव्या जोडीची चिठ्ठी निघाली वारूळ. तिने भोपळा काढला. तिच्या नवऱ्याने डोंगर, ढीग, टोपी, भात, कोंबडी असं सगळं म्हणून झाल्यावर, मिनिट संपता संपता वारूळ म्हटलं. म्हणजे आम्हाला जिंकायला जवळजवळ अख्खं मिनिट होतं. हरायचं असेल तर ते आता धडपणे हरायला हवं होतं.

मी चिठ्ठी उघडली. खाट.

खाट शेंबडं पोरही ओळखतं. चौकट, चार पाय, मध्ये विणीच्या रेघा. म्हणून मी विणीच्या रेघा काढल्याच नाहीत. नुसती चौकट काढली. पाय तीनच काढले. चौथ्या पायाची जागा उघडी पडली, तिथे काहीतरी भलतं काढावं म्हणजे कोणाला पत्ता लागणार नाही, असं म्हणून मी तिथे एक पायली काढली. धान मोजायची पायली, बुटकी, काठाला पट्टी. मग मी मागे सरले आणि फळ्याकडे बघितलं.

ती आमची खाट होती.

आमची पहिली नोकरी हेमलकशाच्याही पुढच्या एका गावात होती. मी शाळेत, तो कंत्राटावर. एका माडिया बाईच्या घरात एक खोली, आणि खोलीत एक खाट, तिचा एक पाय मोडलेला. तिच्याखाली आम्ही पायली ठेवली होती. कूस बदलायची तर आधी दुसऱ्याला सांगावं लागायचं, नाहीतर पाय सरकून दोघंही खाली. "वळतो," तो म्हणायचा. "वळा," मी म्हणायची. दोन वर्षं आम्ही त्या खाटेवर झोपलो, आणि मुलगीही तिथलीच.

सुई उतरायला लागली की गालाला आधी मुंग्या येतात. मला तसं झालं, हातांना, खडू धरलेल्या बोटांना. आणि मला एकदम, अगदी हावरटासारखं वाटलं की याने ओळखावं. हरायचं मीच ठरवलं होतं, पण आता गंज माळ्यावर परत आला तरी चालेल, पुढच्या वर्षी तीस माणसं आली तरी चालतील, फक्त याने एकदा म्हणावं, खाट. सगळ्यांसमोर म्हणावं.

तो बघत होता. मागून लोक बोलत होते, हे काय, पूल आहे का, तिकाटणं आहे का. पोस्टमास्तरभाऊंनी सगळ्यांना गप्प केलं. नवऱ्याने मान जरा तिरपी केली. त्याचे कान लाल झाले. ओळखीचं काही दिसलं, आवडीचं काही ऐकलं, की याचे कान आधी लाल होतात. हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. त्याला कळलं होतं. पहिल्याच क्षणाला कळलं होतं.

"टेबल," तो म्हणाला.

"चूक," पोस्टमास्तरभाऊ म्हणाले. "वेळ हाये अजून. बोला."

"स्टूल," तो म्हणाला. मग खाली बघून गवताची एक काडी तोडली आणि म्हणाला, "नाई येऊन राह्यलं लक्षात."

मिनिट संपलं. सगळ्यांनी अरेरे केलं. मी फळा पुसला. हाताने पुसला, डस्टर होतं तरी.

गंज मीच घासला. मग नव्या जोडीतल्या पोरीला सांगितलं की राखेने घास, आणि बुडाचा काळा थर खरवडून काढू नको, नाहीतर भाजी लागते. ती "हो बाई, हो बाई" करत होती, तिचं लक्ष नव्हतं. दोघांनी एकेक कडी धरली आणि बांधावरून निघाले. तो पुढे, ती मागे, आणि गंज मध्ये हेलकावत होता. बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वाईट नको वाटून घेऊ. पुढच्या वर्षी तुमचाच हाये." मी म्हटलं, हो.

परत येताना आम्ही मोटरसायकलवर होतो. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर धानाच्या बैलगाड्या होत्या, त्यामुळे तो सावकाश चालवत होता. मी मागची कडी धरून बसले होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं आम्ही कधी बंद केलं ते मला आठवत नाही. एक पूल गेला, एक विटाभट्टी गेली.

मग मान न वळवता तो म्हणाला, "पायली नव्हती ते."

मी ऐकायला जरा पुढे वाकले.

"पायली आपल्याकडे होतीच कुठी? पायली त्या बाईची. धान मोजाले मागून आणाचो. खाटेखाली डबा होता, दुधाच्या पावडरचा. त्याच्यात रेती भरली होती आपण. तू नदीवरून आणली होती."

खरं होतं. रेती मीच आणली होती, ओच्यात. ते पूर्ण विसरले होते मी.

"मग टेबल काऊन म्हटलं?" मी विचारलं.

त्याने पुढच्या बैलगाडीला हॉर्न दिला. गाडी बाजूला होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "सकाळी तूच म्हणली होती नं. हरायचं."

हो, मीच म्हटलं होतं. आणि त्याने माझं ऐकलं होतं. श्रावणात नका येऊ म्हटलं तेही त्याने असंच ऐकलं होतं. मी रडायला लागले. श्रावणापासून पहिल्यांदा, भर रस्त्यात, तोंडाला पदर न लावता. मागे मान वळवायची त्याला गरज पडली नाही. त्याने गाडी आणखी सावकाश केली, आणि घराकडचं वळण न घेता सरळ पुढे घेतली.